कर्र आणि टण्ण

"मिस्त्री, गाडी खुळखुळतीया."

गिऱ्हाइकानं एवढं म्हटलं की माझं निम्मं काम झालेलं असतं. खुळखुळते म्हणजे काहीतरी हलकं आहे, सुटं आहे आणि पोकळ जागेत आहे. मी दाराच्या आतल्या पट्ट्या बघतो, सायलेन्सरवरचा पत्रा एका बोल्टवर लटकतोय का ते बघतो. तेच गिऱ्हाईक 'खडखडतीया' म्हणालं असतं तर आधी डिकी उघडली असती. स्टेपनीचा बोल्ट, जॅक, पान्ह्यांची पिशवी. 'ठकठक' म्हणालं असतं तर गाडी उचलून खाली गेलो असतो. कुरकुर रबराची असते, किरकिर प्लास्टिकवर प्लास्टिक घासल्याची, आणि 'घूं' बेअरिंगशिवाय दुसऱ्या कुणाची फारशी नसते. आपल्या भाषेनं आवाजांना इतकी नावं देऊन ठेवली आहेत की माझ्या धंद्यातलं पहिलं हत्यार तेच आहे, पान्हा त्याच्या नंतर.

कराडला माझं गॅरेज १९९९ पासून आहे. सुरुवातीपासून लहान गाड्याच करतो. हल्ली गाडी घेऊन येणारी तरुण मुलं "जरा नॉइज येतोय" म्हणतात आणि थांबतात. त्या शब्दातून मला काही मिळत नाही. मी म्हणतो, "तोंडानं काढून दाखवा." आधी लाजतात, इकडेतिकडे बघतात, पण काढतात. एकदा बँकेतल्या एका साहेबांनी टाय नीट करत जिभेनं 'कट-कट-कट-कट' असा आवाज काढला आणि तो गाडीच्या वेगाप्रमाणे हळूहळू जलद करत नेला. मी विचारलं, "स्टेरिंग पूर्ण वळवून गाडी काढताना येतो?" ते म्हणाले, "हो, सोसायटीच्या गेटातून बाहेर पडताना." गाडीखाली न जाताच कळलं होतं की एक्सलचा बाहेरचा जॉइंट गेला. खाली बघितल्यावर बूट फाटलेला, ग्रीस सगळं उडून रिमला आतून चिकटलेलं. रबराचा तो बूट वेळेवर बदलला असता तर थोडक्यात भागलं असतं. ग्रीस गेलं, धूळ आणि पाणी आत गेलं, की जॉइंटच बदलावा लागतो.

मी सोळाव्या वर्षी, १९९२ साली, एका उस्तादांच्या हाताखाली लागलो. त्यांचा हात जीप-ट्रकवर बसलेला, पण तोवर मारुती ८०० आमच्याकडे यायला लागली होती. पहिली गाडी डिसेंबर १९८३ मध्ये दिल्लीत गिऱ्हाइकाच्या हातात पडली. आमच्याकडे यायची ती सात-आठ वर्षं वापरलेली, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाची. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. उस्ताद सुरू इंजिनावर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवायचे आणि मूठ कानापुढच्या हाडाला लावायचे. आधी अल्टरनेटर, मग वॉटर पंप, मग टॅपेट कव्हर. डोळे मिटलेले असायचे. मग तो स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात द्यायचे आणि विचारायचे, "काय म्हणतंय?" मी "आवाज येतोय" म्हटलं की टपली बसायची. "आवाज सगळ्यांचाच येतो. कसला?" वॉटर पंपाच्या बेअरिंगची घरघर आणि अल्टरनेटरची चिरचिर यातला फरक मला कळायला पाऊस-उन्हाळा सगळा गेला, पण ज्या दिवशी कळला त्या दिवशी त्यांनी मला चहा पाजला.

त्यांनीच टॅपेट शिकवलं. इंजिन थंड असताना कव्हर काढायचं आणि रॉकर व व्हॉल्व्ह यांच्या मधली फट पातीनं मोजून ठेवायची. फट जास्त राहिली की टकटक वाजतं. गिऱ्हाइकाला ते आवडत नाही, "एकदम गप्प करा" म्हणतं. कच्चा मिस्त्री फट कमी करतो, इंजिन मखमलीसारखं चालतं आणि गिऱ्हाईक खुश होऊन जातं. पण फट फारच कमी झाली तर इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कडेनं जळका वायू निसटत राहतो आणि काही महिन्यांत व्हॉल्व्हची कड जळते. उस्ताद म्हणायचे, वाजणारं टॅपेट चालेल, मुकं नको. पुढे गाड्यांना सीएनजी किट बसायला लागले तेव्हा याची मला पुन्हा पुन्हा आठवण झाली. गॅसवर व्हॉल्व्हची बैठक लवकर झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि ती फट आपोआप कमी होत जाते. म्हणजे गाडी दिवसेंदिवस शांत होत असते आणि मालक समाधानानं सांगतो, "गॅस टाकल्यापासून आवाजच नाही." अशा गाडीला मी आधी कव्हर काढून फट मोजतो, मग बाकीचं.

आवाज आणि धोका यांचं नातं माझ्या डोक्यात तिथेच पक्कं झालं. जे फार वाजतं ते बहुधा निरुपद्रवी असतं. सायलेन्सरवरचा पत्रा अख्खी गल्ली जागी करतो, पण एका क्लिपनं तो गप्प होतो. उलट ब्रेक ऑइल जुनं होऊन पाणी पितं ते कुणाला ऐकू येत नाही. कूलंट थेंबथेंब गळतं ते वाजत नाही. टायर आतल्या बाजूनं तारेपर्यंत झिजतो आणि गाडी मऊ चालते.

लहान गाड्या जास्त का वाजतात, हे मला लोक कायम विचारतात. नवीन गाडी घेऊन दोन महिन्यांत आलेला माणूस तर दुखावलेलाच असतो. आठ-नऊ लाख रुपये मोजलेत, हप्ता चालू आहे, आणि डॅशबोर्डमधून किरकिर. त्याचं दुःख मला खरं वाटतं, कारण गाडी ही मध्यमवर्गीय घरात घराखालोखालची मोठी खरेदी असते. मी त्याला कारण सांगतो. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरचं उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं गेलं आणि लहान म्हणजे काय तेही ठरवून दिलं गेलं: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. तेव्हापासून आपल्याकडची कॉम्पॅक्ट गाडी त्या चार मीटरच्या मापात कापून शिवली जाते. किंमत कमी ठेवायची आणि मायलेज वाढवायचं तर वजन उतरवावं लागतं. पत्रा पातळ, आवाज शोषणारे जाड थर कमी, आणि मागे बहुतेक गाड्यांत दोन्ही चाकांना जोडणारी एकच आडवी तुळई. पुढच्या चाकात उठलेला आवाज त्या हलक्या पत्र्यातून फिरत फिरत मागच्या सीटखाली जाऊन वाजतो, म्हणून मालक म्हणतो मागून येतोय आणि बिघाड असतो पुढे. त्यात इंजिनं आता पुन्हा तीन सिलिंडरची झाली आहेत. चार सिलिंडरच्या गाडीची सवय असलेल्या माणसाला सिग्नलवर उभं असताना सीटला येणारी थरथर बिघाड वाटते. तीन सिलिंडरमध्ये इंजिनाची दोन टोकं आलटून पालटून वरखाली व्हायला बघतात, ती हालचाल माउंटिंगच्या रबरांनी गिळायची असते. रबर चांगलं असेल तर थरथर तेवढ्यावरच राहते. ती रोज वाढत असेल, एसी लावल्यावर स्टेरिंग हातात नाचत असेल, तर माउंटिंग बसलं आहे.

हे सगळं समजावून सांगणं आणि "हा आवाज या गाडीला असतोच" म्हणून माणसाला वाटेला लावणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुसरी गोष्ट मी एकदा केली आहे.

२०११ चा मे महिना होता. मार्केट यार्डातले एक भाजी व्यापारी, माझ्याकडे पहिल्यापासूनचे. गाडी आठ वर्षांची. ते म्हणाले, "मिस्त्री, उभ्या गाडीत स्टेरिंग फिरवलं की कर्र करतीया." त्या आठवड्यात तशाच जातीच्या दोन गाड्या येऊन गेल्या होत्या, दोन्हींचं शॉकअपच्या वरचं बेअरिंग गेलेलं. शेजारी पोरगा ग्राइंडर चालवत होता. मी बाहेरूनच हात घालून स्टेरिंग एकदा फिरवलं, ग्राइंडरच्या आवाजात काहीतरी वाजल्यासारखं वाटलं आणि म्हणालो, "वरचं बेअरिंग आहे. असतो तसा आवाज. पुढच्या सर्व्हिसला बदलू." ते बरं म्हणाले आणि गेले. माझ्या शब्दावर त्यांचा भरवसा होता.

बाराव्या दिवशी सकाळी फोन आला. यार्डाच्या गेटातून वळताना पुढचं उजवं चाक बाहेर पडलं होतं. मी गेलो तेव्हा चाक आडवं पसरलेलं, मडगार्ड टायरवर टेकलेलं, गाडी एका गुडघ्यावर बसल्यासारखी. वेग चालत्या माणसाइतकाच होता म्हणून कुणाला काही झालं नाही. गाडीत त्यांच्या घरची मंडळी होती, मांडीवर दोन वर्षांचा नातू होता, आणि ती सगळी तिथून खंबाटकीच्या बोगद्यातून पुण्याला निघाली होती.

मी जमिनीवर झोपून खाली बघितलं. खालच्या आर्मचा बॉल जॉइंट निसटला होता. पिन विटकरी रंगाची झालेली, ग्रीसचा मागमूस नाही. जॉइंटवरच्या रबरी टोपीला करंगळीच्या नखाएवढी फाट होती. त्या नखाएवढ्या फटीतून दोन पावसाळे पाणी आत गेलं होतं.

शॉकअपच्या वरचं बेअरिंग अडकतं तेव्हा स्प्रिंग पिळली जाते आणि मग एकदम सुटते, तिचा आवाज 'टण्ण' असा येतो. कोरडा पडलेला बॉल जॉइंट गंजावर फिरतो, तो 'कर्र' करतो. त्या माणसानं मला 'कर्र' म्हणून सांगितलं होतं. पुस्तकात वाचलेला नव्हे, आपल्या कानानं ऐकलेला अचूक शब्द त्यांनी मला दिला होता आणि मी तो ऐकून घेतला नाही. ते माझ्यावर चिडले नाहीत. "सांगितलं हुतं की तुमास्नी," एवढंच म्हणाले. ते वाक्य मला आजही झोपेतून उठवतं.

तेव्हापासून माझ्या गॅरेजात दोन गोष्टी झाल्या. स्टेरिंगचा आवाज आला की ग्राइंडर, कॉम्प्रेसर, रेडिओ सगळं बंद होतं. एकजण आत बसून स्टेरिंग फिरवतो, दुसरा हात घालून आधी स्प्रिंगवर पंजा ठेवतो, मग खाली जॉइंटवर बोटं. स्प्रिंग उडी मारते की जॉइंटमध्ये वाळू दळल्यासारखं लागतं, हे बोटांना लगेच कळतं. आणि जॉबकार्डावर मी एक रकाना वाढवला. गिऱ्हाइकानं वापरलेला शब्द त्यात जसाच्या तसा लिहायचा. 'सस्पेन्शन नॉइज' लिहायचं नाही. 'कर्र' म्हणाले तर 'कर्र' लिहायचं.

त्या रकान्याचं महत्त्व मला पटवून दिलं ते पाटणकडच्या एका आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांनी. कराडहून रोज स्वतः गाडी चालवत जायच्या. गाडी तीन वर्षांची. एका मोठ्या वर्कशॉपात त्यांनी ती दोनदा दाखवली होती. तिथे आवारातच वीसच्या वेगानं एक फेरी मारून सांगितलं की टायरचा आवाज आहे. अलाइनमेंट झालं, टायर अदलाबदल झाले, नवे चार टायर घ्या असा सल्लाही मिळाला. सिस्टर माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या हातात लसीकरणाची जुनी वही होती. मागच्या कोऱ्या पानांवर निळ्या पेननं महिनाभराच्या नोंदी. "दादा, पेशंटचं लिहितो तसं लिहिलंय. निदान तुम्ही करा."

मी ती वही बोनेटवर ठेवून उभ्या उभ्या वाचली. सकाळी सुरू केल्यावर नाही. चाळीसच्या पुढे घूं सुरू होतो, साठला वाढतो. क्लच दाबला तरी तसाच. न्यूट्रलमध्ये उतारावर सोडली तरी तसाच. सिमेंटच्या तुकड्यावर आणि डांबरावर सारखाच. उजव्या वळणावर वाढतो, डाव्या वळणावर जवळजवळ जातो. आणि सगळ्यात खाली: मुलगी शेजारी बसते तेव्हा तिला माझ्यापेक्षा जास्त ऐकू येतो.

मला गाडीला हात लावायची गरजच उरली नाही. क्लच दाबून आणि न्यूट्रलमध्येही आवाज राहतो म्हणजे इंजिन आणि क्लच सुटले. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो, हा बदलत नाही, म्हणजे टायर सुटले. गाडी उजवीकडे वळते तेव्हा भार डाव्या चाकांवर जातो. त्या वेळी आवाज वाढतो म्हणजे दुखणं डावीकडे आहे. आणि डावीकडे बसलेल्या मुलीला जास्त ऐकू येतं. पुढचं डावं चाक, बेअरिंग. गाडी उचलली, चाक फिरवलं, स्प्रिंगवर हात ठेवला. हाताला बारीक खरखर लागली. जुनं बेअरिंग काढून मी त्यांच्या हातात दिलं आणि फिरवून बघायला सांगितलं. त्यांनी दोन वेळा फिरवलं, कानाशी नेलं. म्हणाल्या, "हेच. महिनाभर हेच." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आवाज गेला याचं नव्हे. मला वाटतं, आपल्याला भास होत नव्हता हे कळल्याचं ते होतं. वर्कशॉपात त्यांना कुणीतरी म्हणालं होतं, मॅडम, तुम्ही फार लक्ष देता.

फार लक्ष देणारी माणसं मला हवीच असतात. गाडी चालवणाऱ्यापेक्षा शेजारी आणि मागे बसणाऱ्यांचे कान मोकळे असतात, म्हणून मी घरच्या सगळ्यांना विचारतो. दोन चाकांमधल्या बारला जोडणाऱ्या लिंक रॉडची टकटक बहुतेक वेळा मागे बसलेल्या पोरांनी पकडलेली असते. ती टकटक ओळखायची सोपी रीत आहे. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढवा. आवाज जवळजवळ येत नाही, कारण दोन्ही बाजू सारख्याच उचलल्या की मधल्या बारला पीळ बसत नाही. मग तोच स्पीडब्रेकर तिरका घ्या. टक. उसाच्या ट्रॅक्टरांनी उखडलेल्या आमच्याकडच्या रस्त्यावर, एक चाक खड्ड्यात आणि एक वर, ती सारखी बोलत राहते.

कधी कधी आवाज गाडीचा नसतोच. चिपळूणचं एक कुटुंब कुंभार्ली घाट चढून माझ्याकडे आलं होतं. घाटात चढावर काहीतरी घरंगळत मागे जायचं आणि उतारावर पुढे येऊन 'टिक्' करून थांबायचं. तीन गॅरेज झाली होती. डॅशबोर्ड खोलला तेव्हा हवेच्या नळीत एक निळी काचेची गोटी सापडली. नातवानं जाळीतून आत सोडली होती. आजोबांनी ती रुमालात बांधून खिशात ठेवली.

भरवशाची गाडी कुठली, असंही लोक विचारतात, विशेषतः जुनी घेताना. मी नाव सांगत नाही. मी म्हणतो, रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी बघायला जा, मालकाला आधी सुरू करू देऊ नका. बोनेटला हात लावा, गार पाहिजे. पहिले पाच सेकंद ऐका. टायमिंग चेन सैल असेल तर ऑइलचा दाब येईपर्यंत ती साखळी हलवल्यासारखी वाजते आणि मग गप्प होते, दिवसभर पुन्हा कळत नाही. क्लच दाबा आणि सोडा. दाबल्यावर आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंग. दाबल्यावर बंद झाला तर गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग, आणि ते काम मोठं. मग काच खाली करून गाडी एखाद्या लांब कंपाउंडच्या भिंतीला धरून हळू चालवा. भिंत चाकाचा आवाज परत कानात टाकते. आमच्या गावातले एक निवृत्त गुरुजी आहेत, त्यांची गाडी सोळा वर्षांची, दारापासून डिकीपर्यंत सगळी वाजते. पण ऑइल वेळेवर, कूलंट वेळेवर, ब्रेक दर सहा महिन्यांनी उघडून साफ. तिनं त्यांना आजवर एकदाही रस्त्यात सोडलेलं नाही. त्या गाडीतून मी डोळे मिटून कोकणात उतरेन.

गेल्या वर्षापासून मला पातळ आवाज कमी ऐकू येतात. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वरच्या पट्टीचं गेलंय, परत यायचं नाही. तीस वर्षांचा हातोडा आणि ग्राइंडर. ब्रेक पॅड संपत आल्यावर त्याची पत्री डिस्कला घासून बारीक 'चीं' करते, ती मला आता हाताखालचा पोरगा सांगतो. एकोणीस वर्षांचा आहे, दोन वर्षं झाली लागून. मी त्याला आणि मलाही कानात घालायच्या बोंड्या आणल्यात. ग्राइंडर हातात घेतला की त्या आधी.

परवा संध्याकाळी एक गाडी फिरवून आणली. पोरगा मागच्या सीटवर चाकाच्या कमानीला कान लावून आडवा. मळ्याच्या भिंतीजवळ त्यानं मला हळू करायला सांगितलं.

"पुढचं डावं, मिस्त्री. सुरसुर."

"घूं नाही?"

"नाही. अजून सुरसुरच आहे."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. गॅरेजात येऊन गाडी उचलली, बाकीच्यांना काम थांबवायला सांगितलं. त्यानं चाक फिरवलं, मी स्प्रिंगवर हात ठेवला. चाक फिरत राहिलं. मग तळव्याला, अगदी बारीक, साखर चिमटीत चोळल्यासारखं लागलं.

"हाय," मी म्हणालो. "लिही."

त्यानं जॉबकार्ड पुढे ओढलं, काळे हात फडक्याला पुसले आणि विचारलं, "बेअरिंग लिहू का सुरसुर?"

"दोन्ही लिही. आधी सुरसुर."